कात्री नको, पाटी लावा

मित्रांनो, सिनेमाला जाताना तुमचं लक्ष आधी कुठे जातं? भिंतीवरच्या मोठ्या रंगीत चित्रांकडे, मक्याच्या लाह्यांच्या वासाकडे, फार तर तिकिटाच्या रांगेकडे. दाराशेजारी टांगलेल्या माझ्यासारख्या लाकडी पाटीकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी जुनी आहे, एका कोपऱ्यावर चिरलेली आहे, आणि सिनेमातली गंमत सांगणं हे माझं कामही नाही. माझ्या कपाळावर एकच प्रश्न रंगवलेला आहे: ‘हा चित्रपट कोणासाठी?’ त्याखाली एक खाच आहे. त्या खाचेत पत्र्याची पट्टी सरकवली की उत्तर तयार होतं.

तरी आज मी बोलते आहे. ज्या माणसाने मला घडवलं त्याच्याबद्दल आमच्या पिंपरी-चिंचवडात दोन तऱ्हेने बोललं जातं. कुणी म्हणतं, त्याने सिनेमा कात्रीपासून वाचवला. कुणी म्हणतं, तो टॉकीजमालकांचा माणूस होता. मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलं. मला त्याच्याविषयी जे वाटतं ते सांगायचं तर फक्त कौतुक करून भागणार नाही.

त्यांचं नाव साहेबराव ओव्हाळ. वडील चिंचवडच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते. परदेशातून यंत्रं यायची ती मोठ्या लाकडी खोक्यांतून. खोके फुटले की कामगार त्या फळ्या घरी न्यायचे. त्यांतून कुणाच्या घरी मांडणी झाली, कुणाच्या घरी पाळणा. साहेबरावांच्या घरच्या एका फळीवर भांडी ठेवलेली असत. ती फळी म्हणजे मी.

साहेबराव कारखान्यात गेले नाहीत. ते ‘शांतिदीप’ टॉकीजच्या तिकीटखिडकीत बसले आणि काही वर्षांतच तिथले व्यवस्थापक झाले. पहिल्या पाळीचे कामगार सुटले की संध्याकाळच्या खेळाला गर्दी व्हायची. डब्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं सिनेमा पाहायची.

आता सांगते तो प्रसंग मी पाटी होण्याआधीचा आहे. पण साहेबरावांनी तो इतक्या लोकांना सांगितला की मला तोंडपाठ झाला. एका बाईच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला होता. नवरा तिला मारतो असा एक प्रसंग त्यात होता. पहिल्याच खेळानंतर चार प्रतिष्ठित माणसं मालकाकडे आली. ‘आमची मुलं बघतात, हे चालणार नाही,’ म्हणाली. मालकाने यंत्रावरच्या माणसाला सांगितलं आणि त्याने तेवढी फिल्म कात्रीने कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी खेळ सुटल्यावर शालनबाई नावाच्या एक कामगार बाई साहेबरावांपाशी थांबल्या. त्या प्रत्येक नव्या सिनेमाला यायच्या.

“साहेबराव, त्या बाईनं घर का सोडलं वो? मधी मला डुलकी लागली का?”

“नाही मावशी. तेवढं कापलंय.”

“का?”

“लहान मुलं असतात म्हणून.”

“मग लहानांना सांगायचं, तुमी भायेर थांबा. बाईची गोष्ट कशाला कापली?”

त्या बाईने घर सोडण्याचं कारणच टॉकीजने कापून केराच्या डब्यात टाकलं होतं, आणि पाहणाऱ्या बाईला वाटत होतं की चूक आपल्या झोपेची आहे. ही गोष्ट साहेबरावांच्या मनाला लागली. त्या रविवारी त्यांनी घरातल्या फळीवरची भांडी उतरवली आणि मला काखेत मारून पिंपरीत अन्वर पेंटरच्या दुकानात नेलं.

अन्वरभाई टॉकीजची मोठी चित्रं रंगवायचे. त्यांनी मला घासली, अस्तर दिलं, अक्षरं काढली. ती अक्षरं इतकी गोल आणि ठसठशीत होती की लांबून येणाऱ्यालाही वाचता यायची. पट्ट्या तीन केल्या: ‘सर्वांसाठी’, ‘मुलांनी आईवडिलांबरोबर यावे’ आणि ‘फक्त प्रौढांसाठी’. मित्रांनो, एका भांड्यांच्या फळीला बोलायला शिकवणाऱ्या त्या हातांची आठवण झाली की आजही माझं मन भरून येतं.

मालकांना मी मुळीच आवडले नाही. “साहेबराव, गिऱ्हाईक दारातून परत पाठवायची पाटी आपणच लावायची?”

“शेठ, आज परत गेलेला माणूस उद्या विश्वासाने येईल. आणि आत बसलेल्याला सिनेमा पूर्ण दिसेल. कात्री नको, पाटी लावा. एवढं माझं ऐका.”

सुरुवातीला खरंच काही कुटुंबं मला वाचून परत गेली. मग हळूहळू उलटं घडू लागलं. आया लांबूनच माझ्याकडे बोट दाखवत म्हणायच्या, “सर्वांसाठी लिहिलंय, चला.” शांतिदीपची पाटी खोटं बोलत नाही असं लोक म्हणू लागले. शेजारच्या टॉकीजनीही अन्वरभाईंकडून पाट्या करून घेतल्या. चालकांनी मिळून एक मंडळ काढलं आणि साहेबराव त्याचे चिटणीस झाले.

मग आमची भ्रमंती सुरू झाली. कुठे सिनेमा कापायची मागणी आली, कुठे बंद पाडायची धमकी आली, की साहेबराव मला जुन्या चादरीत गुंडाळून निघायचे. पुण्याला, मुंबईला, दोनदा तर दिल्लीला. मोठ्या टेबलावर ते मला आडवी ठेवायचे. “साहेब, माणसाला आधी सांगा आणि मग ठरवू द्या,” एवढंच त्यांचं म्हणणं. कुणी हसायचं, कुणी चहा पाजून वाटेला लावायचं. पण काही सिनेमे त्यांच्या चिकाटीमुळे धड राहिले, आणि ज्यांनी ते काढले होते ती माणसं चिंचवडला येऊन त्यांचे हात हातात घेऊन गेली. मी ते पाहिलं आहे.

आणखीही काही मी पाहिलं आहे. कामगार वस्त्यांतून तेव्हा व्हिडिओ सेंटर चालायची. एका खोलीत दूरदर्शनचा संच आणि कॅसेटचं यंत्र, पुढे सतरंजी, तिकीट टॉकीजपेक्षा स्वस्त. मंडळाने ती बंद करायची मागणी केली, आणि चिटणीस म्हणून साहेबरावच ती घेऊन फिरले. “तिथे पाटी नाही, वय नाही, काहीही दाखवतात,” ते म्हणायचे. ते खोटं नव्हतं. पण ती सेंटर बंद झाली की टॉकीजची गर्दी वाढणार होती, हेही खोटं नव्हतं. बंद झालेल्यांत अन्वरभाईंच्या धाकट्या भावाचं सेंटर होतं.

अन्वरभाई माझा रंग उजळायला आले तेव्हा म्हणाले, “भाऊ, पाटी तुमची चांगलीच आहे. पण ती मालकांच्या फार उपयोगाला यायला लागली.”

साहेबराव म्हणाले, “अन्वरभाई, नियम सगळ्यांना सारखा.”

“सारखा असता तर मी बोललोच नसतो,” अन्वरभाई म्हणाले आणि काम संपवून गेले. पुढे कितीतरी दिवस ते रंगाची कामं घेत राहिले, पण चहाला थांबले नाहीत.

मित्रांनो, आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते.

मिनल नावाची एक तरुण मुलगी होती. तिचे वडील चाकणला प्रेसवर काम करायचे. पत्रा दाबून आकार देणारं ते यंत्र. जरा चूक झाली की पत्र्याबरोबर बोटंही जातात. अशी बोटं गेलेल्या माणसांना भेटून मिनलने एक माहितीपट केला. त्यात एक कामगार आपल्या हाताचं बँडेज सोडतो असं दृश्य होतं. ते कापलं तरच आमच्या टॉकीजमध्ये दाखवू, असं मालक म्हणाले. साहेबराव मालकाशी भांडले. “एक इंचही कापायचं नाही. मी पाटी लावतो,” म्हणाले. आणि त्यांनी माझ्या खाचेत ‘फक्त प्रौढांसाठी’ ही पट्टी सरकवली.

मिनलने रविवारी सकाळचा एक खास खेळ ठरवला होता. चाकणच्या एका प्रशिक्षण केंद्रातली शिकाऊ मुलं बसने आली. सोळा-सतरा वर्षांची, नुकतीच मिसरूड फुटलेली. दारवानाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना थांबवलं. मिनल धावत आली. साहेबराव दारातच उभे होते.

“साहेब, हा सिनेमा मी ह्यांच्यासाठीच केलाय,” ती म्हणाली.

“मिनलताई, तुमचा सिनेमा चांगला आहे. म्हणून तर कापू दिला नाही. पण आज चांगल्या सिनेमासाठी पाटी काढली, तर उद्या वाईट सिनेमासाठी काढायला मालक माझ्या मागे लागतील. मग पाटीला काय किंमत राहील?”

मिनलने एकदा त्या मुलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “ह्यांचं वय प्रेस चालवायला पुरतं. प्रेस बघायला पुरत नाही का?”

साहेबराव मुलांपाशी गेले नाहीत. पट्टीही त्यांनी काढली नाही. मुलं थोडा वेळ घुटमळली, समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ले आणि बसमध्ये बसून परत गेली. मिनलचा सिनेमा त्या सकाळी निम्म्या रिकाम्या खुर्च्यांना दाखवला गेला.

त्याच हिवाळ्यात एका लहानशा कारखान्यात त्या मुलांपैकी एकाचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. तीन बोटं गेली. त्याचं नाव सिद्धेश.

मिनल ही बातमी घेऊन टॉकीजवर आली. ती ओरडली नाही. “साहेब, त्या दिवशी तो आला होता,” एवढंच म्हणाली. सिनेमा पाहिला असता तर त्याची बोटं वाचली असती का? कुणालाही सांगता येणार नाही. मिनलनेही तसं म्हटलं नाही. पण साहेबराव उठून तसेच दवाखान्यात गेले.

तिथे काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की त्यांची पत्नी सोजरबाई डबा घेऊन टॉकीजवर आल्या आणि साहेबरावांनी डबा उघडला नाही.

“तुमी मुंबईत बोलता, दिल्लीत बोलता,” सोजरबाई म्हणाल्या. “सायबांना समजावता. त्या पोरांना का न्हाई समजावलं? ती तर तुमच्या दारात उबी होती.”

“नियम होता, सोजर.”

“व्हय. नियम होताच. म्या कुठं म्हणते काढून टाकायचा?”

त्यानंतर साहेबराव अन्वरभाईंच्या दुकानात स्वतः गेले. आधी त्यांच्या भावाच्या सेंटरबद्दल बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण मी टॉकीजवर होते. पण दुसऱ्या दिवशी अन्वरभाई चौथी पट्टी घेऊन आले आणि चहाला थांबले. पट्टीवर लिहिलं होतं: ‘सोळा वर्षांवरील सर्वांसाठी’.

ही पट्टी घेऊन साहेबराव पुन्हा फिरू लागले. “मूल एका दिवसात प्रौढ होत नाही. मधल्या वयाचा टप्पा करा,” असं ते सगळीकडे सांगत. मंडळाला हे नको होतं. इतके टप्पे कोण सांभाळणार, दारात वाद कोण घालणार? साहेबराव ऐकेनात, तेव्हा मंडळाने दुसरा चिटणीस निवडला. ज्यांच्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले होते, त्यांतल्या कुणी निरोपाचा हारसुद्धा आणला नाही.

पुढे शांतिदीप बंद पडलं. खुर्च्या भंगारात गेल्या. साहेबरावांनी मला सांगवीच्या आपल्या घरी नेलं आणि गॅलरीत उभी केली. माझ्यावर कुंड्यांचं पाणी उडायचं, ऊन पडायचं. तेव्हाच माझा कोपरा चिरला. मी कुणाच्याही उपयोगाची राहिले नव्हते, तरी दर दिवाळीला साहेबराव मला ओल्या फडक्याने पुसायचे. एका हिवाळ्यात ते गेले. त्यानंतरच्या काळात देशात वयाचे मधले टप्पे आले, तुम्ही ते आज पाहता. ते साहेबरावांनी आणले असं मी म्हणणार नाही. असं मागणारे पुष्कळ होते. त्यांतला एक आवाज चिंचवडचा होता, एवढं मात्र मला माहीत आहे.

आता अलीकडची गोष्ट. पुनावळ्याच्या रहिवाशांनी आणि काही जुन्या कामगारांनी मिळून सिनेमे दाखवायला एक छोटं सभागृह उभं केलं. त्याला साहेबरावांचं नाव द्यावं अशी सूचना आली आणि सगळ्यांना बैठकीला बोलावलं. साहेबरावांचा मुलगा धम्मपाल वाकडला राहतो. तो मला गाडीतून घेऊन गेला. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

पहिल्यांदा एका जुन्या प्रेक्षकाने साहेबरावांची खूप स्तुती केली. मग शादाब उठला. अन्वरभाईंचा पुतण्या, ज्याच्या वडिलांचं सेंटर बंद झालं होतं तो.

“मी वाईट बोलायला आलो नाही,” तो म्हणाला. “पण ज्यांना टॉकीज परवडत नव्हतं त्यांचा सिनेमा ह्यांनी बंद केला. सभागृहाला त्यांचं नाव असेल तर माझे अब्बा आत पाय ठेवणार नाहीत.”

धम्मपालने मान खाली घातली. कुणीतरी मिनलकडे पाहिलं. तिचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत. तीही विरोधच करणार असं सगळ्यांना वाटत होतं.

“माझ्या सिनेमाची एक फ्रेमसुद्धा त्यांनी कापू दिली नाही,” ती म्हणाली. “आणि ज्यांनी तो पाहायला हवा होता त्यांना त्यांनीच दारातून परत पाठवलं. ह्यातलं एकच धरून बोलायला मला जमत नाही.”

मग मागच्या ओळीतून सिद्धेश उठला. आता तो चाकणच्या कारखान्यांतून सुरक्षिततेचं प्रशिक्षण देतो. त्याने उजवा हात खिशात घातलेला नव्हता.

“ते दवाखान्यात आले तेव्हा मी फार चिडलेलो होतो,” तो म्हणाला. “त्यांनी मला विचारलं, ‘माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?’ मी म्हणालो, ‘आत सोडलं नसतं कदाचित. पण आत काय आहे ते बाहेर उभं राहून सांगितलं असतं.’ ते म्हणाले, ‘बरोबर आहे. मी पाटीला बोलू दिलं आणि स्वतः गप्प बसलो.’ असं कबूल करणारा मोठा माणूस मला पुढे फारसा भेटला नाही. नावाचं तुम्ही ठरवा. पण ही पाटी दारात लावा. दर रविवारी तिच्याशेजारी उभा राहायला मी येतो.”

बऱ्याच चर्चेनंतर ठरलं की सभागृहाला कुणाचंच नाव नको. मिनलने सुचवलं, पाटीखाली एक साधी ओळ असावी, जिच्याबद्दल कुणाचाच वाद नाही: ‘ही पाटी साहेबराव ओव्हाळ यांनी लावली.’

“ओळ मी लिहितो,” शादाब म्हणाला. त्याचं आता छपाईचं दुकान आहे, सगळं यंत्रावर होतं. तरी त्याने ती ओळ ब्रशने, हाताने लिहिली. वयोवृद्ध अन्वरभाई शेजारी खुर्चीवर बसून अक्षरांची गोलाई सांगत होते. ओळ सुकेपर्यंत धम्मपाल तिथेच उभा होता. “पप्पांना हे चाललं असतं,” तो शादाबला म्हणाला. शादाबचे वडील पहिल्या खेळाला आले नाहीत. शादाब आला.

त्या पहिल्या रविवारी एक आई आपल्या मुलीला घेऊन दारात थांबली. मुलगी नऊ-दहा वर्षांची होती. आईने मला वाचलं: ‘मुलांनी आईवडिलांबरोबर यावे.’

“घाबरण्यासारखं आहे का हो काही?” तिने विचारलं.

सिद्धेश गुडघ्यावर बसला, म्हणजे मुलीच्या उंचीला आला. “सिनेमात एका मुलाचे आजोबा वारतात,” त्याने तिला सांगितलं. “तो खूप रडतो. मग हळूहळू बरा होतो. तुला बघायचंय का?”

मुलीने विचार केला. “माझे आजोबा पण गेलेत,” ती म्हणाली. “बघायचंय. पण आईने हात धरला पाहिजे.”

आईने तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

मित्रांनो, मला माझ्या आयुष्याने पुष्कळ दिलं. भट्टीवरच्या एका कामगाराने मला खोक्यातून सोडवलं, अन्वरभाईंनी अक्षरं दिली, साहेबरावांनी काम दिलं, मिनलने भांडण दिलं, आणि सिद्धेशने माझ्या शेजारी उभं राहून मला आधार दिला. ह्या सगळ्यांची मी ऋणी आहे. साहेबरावांचीही, त्यांच्या चुकीसकट. कारण ती चूक त्यांनी लपवली नाही आणि तिच्यातून ते पुढे शिकले.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठे माझ्यासारखी पाटी दिसली आणि तिने तुम्हाला थांबवलं, तर रागावून परत जाऊ नका आणि चोरून आतही शिरू नका. जवळच्या मोठ्या माणसाला विचारा, का थांबवलं? आणि तुम्ही मोठे व्हाल, कुणाला दारात थांबवायची वेळ तुमच्यावर येईल, तेव्हा पाटीकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. जरा खाली बसा आणि त्यांना सांगा, आत काय आहे ते.